राउटरमध्ये थर्ड-पार्टी मेमरी टाकायची असेल तर: तपासणीपासून टेस्टिंगपर्यंत सगळं

कंपनीच्या लेबलची रॅम आणि तीच क्षमता असलेली बाहेरची रॅम, यांच्या किमतीतला फरक बघितला की पहिला प्रश्न हाच येतो, की एवढे पैसे नक्की कशाचे? उत्तर थोडं विचित्र आहे. राउटर बनवणारी कंपनी मेमरी चिप बनवतच नाही. जगातल्या बहुतेक डीरॅम (म्हणजे रॅमच्या) चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात, त्या एका छोट्या बोर्डावर बसवून मॉड्यूल तयार होतं आणि मग त्यावर सिस्कोचं किंवा दुसऱ्या कुणाचं स्टिकर लागतं. जास्तीचे पैसे जातात ते टेस्टिंगचे, आणि काही बिघडलं तर सपोर्टवाले बोट दुसरीकडे दाखवणार नाहीत याचे. त्यामुळे मेमरी कोणाच्या नावाची आहे यापेक्षा तिचं स्पेसिफिकेशन त्या राउटरला अचूक जुळतंय का आणि बसवल्यावर ती नीट तपासली का, एवढ्यावरच सगळं अवलंबून असतं. बहुतेक उदाहरणं सिस्कोची घेतोय, कारण हा उद्योग सगळ्यात जास्त त्याच राउटरांवर होतो, बाकी कंपन्यांनाही हाच क्रम चालतो.

पहिली पायरी: मेमरी खरंच कमी पडतेय का

ही पायरी लोक सरळ उडी मारून पुढे जातात. राउटर स्लो वाटतोय, चला रॅम वाढवू, असं डोक्यात येतं कारण कॉम्प्युटरवर ते चालतं. राउटरवर नाही चालत. मेमरी वाढवली म्हणून पॅकेट वेगाने जायला लागत नाहीत, सीपीयू ९० टक्क्यांवर असेल तर तो रॅम टाकल्यावरही ९० टक्क्यांवरच राहणार. मेमरी लागते ती टेबलं साठवायला (राउटिंग टेबल म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याची यादी, नॅट ट्रान्सलेशन म्हणजे आतल्या-बाहेरच्या पत्त्यांच्या जोड्या, आयपीएस म्हणजे हल्ले रोखणाऱ्या यंत्रणेच्या सिग्नेचर) आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमला. सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आयओएस, तिच्या जुन्या इमेजच्या (म्हणजे फाइलच्या) नावात ‘एमझेड’ असतं बघा, त्यातल्या एमचा अर्थ इमेज रॅममधून चालते आणि झेडचा अर्थ ती झिप केलेली आहे. म्हणजे फ्लॅशवर (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्टोरेजवर) दिसणाऱ्या साइजपेक्षा रॅममध्ये ती बरीच जास्त जागा खाते, आणि नवीन व्हर्जन टाकल्यावर मेमरी अचानक संपल्यासारखी वाटते ती बऱ्याचदा यामुळेच.

कन्सोलला (केबल लावून कमांड द्यायच्या पोर्टला) लागा आणि ‘शो व्हर्जन’ मारा. सिस्कोचं २८११ मॉडेल असेल तर २५१९०४के/१०२४०के बाइट्स ऑफ मेमरी अशी ओळ दिसते. दोन्ही आकड्यांची बेरीज २६२१४४के, म्हणजे २५६ एमबी. पहिला आकडा प्रोसेसर मेमरीचा, दुसरा आय-ओ मेमरीचा, म्हणजे पॅकेट बफरचा. नुसता पहिला आकडा बघून ‘माझ्याकडे २४६च आहे, १० एमबी गेली कुठे’ असा गोंधळ नेहमी होतो.

मग ‘शो मेमरी स्टॅटिस्टिक्स’. इथे टोटल, यूज्ड, फ्री, लोएस्ट आणि लार्जेस्ट असे कॉलम असतात. बहुतेक जण फ्री बघून थांबतात, पण खरी गोष्ट शेवटच्या दोघांत असते. लोएस्ट म्हणजे राउटर चालू झाल्यापासून मोकळी मेमरी सगळ्यात खाली कुठपर्यंत गेली होती ते, आणि लार्जेस्ट म्हणजे सलग मोकळा असा सगळ्यात मोठा तुकडा केवढा आहे ते. फ्री भरपूर आणि लार्जेस्ट अगदी बारीक असेल तर मेमरीचे तुकडे-तुकडे झालेत, तिथे आधी रीलोड (रीस्टार्ट) करून बघायचं आणि पुन्हा किती दिवसांत तीच अवस्था येते ते नोंदवायचं.

‘शो प्रोसेसेस मेमरी सॉर्टेड’ पण मारा आणि काही तासांच्या अंतराने परत मारा. एखाद्या प्रोसेसचा होल्डिंग कॉलम वाढतच चाललाय आणि ट्रॅफिक तर तेवढंच आहे, तर तो मेमरी लीक आहे, सॉफ्टवेअरमधला बग. यात रॅम वाढवणं म्हणजे गळक्या टाकीला मोठी टाकी जोडणं, रिकामी व्हायला जास्त वेळ लागेल एवढंच. आयओएसचं व्हर्जन बदला, पैसे वाचतील.

लॉगमध्ये मॅलॉकफेल (मेमरी मागितली पण मिळाली नाही) असा मेसेज येत असेल तर तो नीट वाचा, त्यातच पूल, म्हणजे मेमरीचा भाग, प्रोसेसर आहे की आय-ओ ते लिहिलेलं असतं आणि कारणही असतं, फ्रॅगमेंटेशन की नॉट इनफ फ्री मेमरी. आय-ओ पूल कमी पडत असेल तर काही जुन्या मॉडेलवर ‘मेमरी-साइज आयओमेम’ कमांडने टक्केवारी बदलता येते, रीलोड केल्यावर लागू होते, आणि नवीन रॅम न घेताच काम होऊन जातं.

अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवा. सिस्कोच्या हिशोबाने एका नॅट ट्रान्सलेशनला साधारण ३१२ बाइट लागतात, म्हणजे १०,००० ट्रान्सलेशनला जेमतेम ३ एमबी. म्हणजे नॅटमुळे मेमरी संपतेय असं कुणी म्हटलं तर आधी संशय घ्या. पूर्ण बीजीपी टेबलची (म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या रूटच्या यादीची) गोष्ट मात्र वेगळी. इंटरनेटचं आयपीव्ही४ टेबल ९ लाख रूटच्या वर गेलंय, ते २५६ एमबीच्या डब्यात घ्यायचा विचारसुद्धा करू नका. आणि मोठ्या राउटर-स्विचवर रूट हार्डवेअरच्या टीकॅममध्ये (पत्ते झटपट शोधणाऱ्या वेगळ्या मेमरीत) बसतात, तिथे डीरॅम वाढवून काहीही फरक पडत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये टेबलने ५,१२,००० ची हद्द ओलांडली तेव्हा जगभर कितीतरी जुने डबे अडखळले, त्याचं कारण टीकॅम होतं, डीरॅम नव्हे.

दुसरी पायरी: तुमच्या मॉडेलची मर्यादा शोधा

मॉडेलची डेटाशीट उघडा आणि तीन गोष्टी लिहून काढा. बोर्डावर सोल्डर केलेली मेमरी किती, स्लॉट किती, आणि कमाल किती चालते. काही नेहमीची उदाहरणं देतो. १८४१ आणि २८०१ जास्तीत जास्त ३८४ एमबी घेतात. २८११ मध्ये दोन स्लॉट, २५६ आणि ५१२ मिळून ७६८ होतात पण वापरायला ७६० मिळतात, त्यामुळे ८ एमबी कमी दिसली म्हणून मॉड्यूल परत करायला धावू नका. २८२१ आणि २८५१ ची कमाल १ जीबी. २९०१ आणि २९११ मध्ये ५१२ एमबी बोर्डावरच असते आणि एकच स्लॉट असतो, त्यात २ जीबी टाकली की एकूण अडीच जीबी. ४३३१ हा ४ जीबीवरून १६ जीबीपर्यंत जातो.

कंपनीच्या पार्ट नंबरमध्येच बरीच माहिती असते. मेम-२९००-५१२यू२.५जीबी असं लिहिलं असेल तर त्यातला यू म्हणजे अपग्रेड, ५१२ वरून अडीच जीबीवर. थर्ड-पार्टीवाले आपल्या मालाला हाच नंबर जोडून विकतात त्यामुळे शोधायला सोपं जातं, पण नंबर जुळला म्हणजे मॉड्यूल जुळलं असं समजू नका, त्यासाठीच पुढची पायरी आहे.

घरगुती वायफाय राउटर असेल तर गोष्ट इथेच संपते. त्यात स्लॉटच नसतो, चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. हौशी लोक जुन्या डब्यांमधली ३२ एमबीची चिप काढून ६४ ची बसवतात, कारण ओपनडब्ल्यूआरटीला (राउटरवर टाकायच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला) आता किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हवी असते आणि ४ व ३२ वाल्या डब्यांसाठी १९.०७ ही शेवटची अधिकृत मालिका होती. हॉट एअर गन हाताळता येत असेल तर मजा आहे, नसेल तर नादी लागू नका. मायक्रोटिक कंपनीच्या बहुतेक बोर्डांवरही मेमरी सोल्डर केलेलीच असते, सीसीआर१०३६ सारख्या काही मॉडेलमध्ये मात्र लॅपटॉपवाले एसओडीआयएमएम स्लॉट आहेत. आणि पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स (राउटर-फायरवॉलची सॉफ्टवेअर) चालवणारा एक्स८६ डबा, म्हणजे कॉम्प्युटरवाल्या प्रोसेसरचा डबा असेल तर तो शेवटी कॉम्प्युटरच, तिथे थर्ड-पार्टी हा प्रश्नच नाही, बोर्डाला चालणारी कुठलीही चांगली रॅम टाका.

तिसरी पायरी: मॉड्यूल निवडणं

खरी चूक होते ती इथेच, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

सगळ्यात आधी पिढी: एसडीरॅम, डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४. यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात त्यामुळे चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसतच नाही, जोर लावला तर स्लॉट मोडतो. ही चूक निदान लगेच कळते. न कळणारी चूक पुढे आहे.

ती म्हणजे बफर्ड (यालाच रजिस्टर्ड म्हणतात) की अनबफर्ड, आणि ईसीसी, म्हणजे चुका पकडून दुरुस्त करणारी मेमरी. डीडीआर३ चं रजिस्टर्ड मॉड्यूल आणि अनबफर्ड मॉड्यूल दोन्ही एकाच स्लॉटमध्ये टच्चून बसतात, पण राउटरचा मेमरी कंट्रोलर एकाच प्रकारचा धरून बनवलेला असतो, दुसरं टाकलं की कन्सोलवर एक अक्षर येत नाही. लेबलवर पीसी३-१०६००ई असं असेल तर शेवटचा ई म्हणजे अनबफर्ड ईसीसी, आर असेल तर रजिस्टर्ड, यू असेल तर साधी नॉन-ईसीसी. लेबल फाटलं असेल तर मॉड्यूलवरच्या एकसारख्या मेमरी चिप मोजा. साध्या मॉड्यूलवर सहसा ८ किंवा १६ असतात, ईसीसीवर ९ किंवा १८, कारण ६४ बिट डेटाबरोबर ८ बिट चुका पकडायला लागतात. राउटर ईसीसी मागत असेल तर नॉन-ईसीसी टाकून ‘चालतंय की’ म्हणायचा मोह आवरा. महिनोन् महिने चालू राहणाऱ्या डब्यात एखादा बिट कधीतरी उलटतोच, ईसीसी असेल तर तो गुपचूप दुरुस्त होतो, नसेल तर राउटिंग टेबलमध्ये कचरा जातो किंवा रात्री-अपरात्री डबा क्रॅश होतो आणि कारण सापडत नाही.

मग रँक (एका वेळी मिळून काम करणाऱ्या चिपांचा गट) आणि चिपची डेन्सिटी (एका चिपमध्ये किती मेमरी). टू-आर-बाय-एट म्हणजे दोन रँक आणि प्रत्येक चिप ८ बिटांची. जुन्या कंट्रोलरला ठराविक डेन्सिटीपर्यंतच्याच चिप ओळखता येतात, कमी चिपमध्ये तीच क्षमता कोंबलेलं नवं मॉड्यूल टाकलं की ५१२ चं २५६ दिसतं. विक्रेत्याला विचारताना ‘२९११ ला चालेल का’ एवढंच विचारू नका, रँक आणि चिपची रचना काय आहे ते विचारा, उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरूनही बरंच कळतं.

स्पीडची तितकी काळजी नको. जास्त वेगाचं मॉड्यूल सहसा कमी वेगावर चालतं. अट एवढीच की मॉड्यूलवरच्या छोट्या एसपीडी चिपमध्ये तो कमी वेगही नोंदवलेला असावा, कारण राउटर मॉड्यूलची सगळी माहिती तिथूनच वाचतो. स्वस्तातल्या मालात चांगल्या चिपांवर चुकीचं एसपीडी भरलेलं असतं आणि मॉड्यूल कॉम्प्युटरवर मस्त चालतं पण राउटरवर नाही. मॉड्यूलची उंचीही बघा, काही राउटरमध्ये स्लॉटच्या वर कार्डं किंवा ट्रे येतो आणि साधं मॉड्यूल टाकल्यावर झाकणच लागत नाही.

बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो. ओरिजिनल म्हणजे कंपनीच्या लेबलचा. अप्रूव्हड म्हणजे कंपनी ज्यांच्याकडून घेते त्याच उत्पादकाचं तेच मॉड्यूल, फक्त कंपनीचं लेबल नाही. आणि कंपॅटिबल म्हणजे बाकी सगळं. माझं मत विचाराल तर अप्रूव्हड मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या, कंपॅटिबल घ्यायचं असेल तर लाइफटाइम वॉरंटी आणि बदलून देण्याची लेखी हमी असेल तरच. संशयास्पद स्वस्त ओरिजिनलपासून मात्र लांब राहा. त्यापेक्षा प्रामाणिक कंपॅटिबल शंभर पटीने बरं, कारण तिथे निदान खोटं स्टिकर नसतं.

वॉरंटीचं काय?

बाहेरची मेमरी टाकली की वॉरंटी गेली, असं सर्रास सांगितलं जातं. सिस्कोचं धोरण तसं नाहीये. बिघाडाचं मूळ बाहेरच्या पार्टमध्ये आहे असं ठरलं तर ते सपोर्ट नाकारू शकतात, नुसता पार्ट आत आहे म्हणून नाही. पण व्यवहारात काय होतं, तुम्ही क्रॅशची केस उघडली की सपोर्ट इंजिनिअर म्हणू शकतो की ही मेमरी काढा, मूळ टाका आणि परत तोच प्रॉब्लेम दाखवा. त्यामुळे मूळ मॉड्यूल फेकायचं नाही, विकायचं नाही, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर राउटरचा सीरियल नंबर लिहून ठेवायचं. दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर तिची कागदपत्रं आधी वाचा, सगळ्यांचे नियम सारखे नसतात.

चौथी पायरी: बसवण्याआधी

कॉन्फिग सेव्ह करा, आणि राउटरवरच नाही, बाहेरही कॉपी घ्या. आयओएस इमेज टीएफटीपीवर (नेटवर्कवरून फाइल कॉपी करायच्या सर्व्हरवर) काढून ठेवा. ‘शो व्हर्जन’, ‘शो इन्व्हेंटरी’, ‘शो मेमरी स्टॅटिस्टिक्स’ आणि ‘डिर फ्लॅश’ यांचा आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा, नंतर तुलना करायला लागतो. कॉन्फिग रजिस्टर (बूट कसं व्हायचं ते ठरवणारा आकडा) झिरो एक्स २१०२ आहे ना ते बघा, कुणीतरी पासवर्ड रिकव्हरीनंतर २१४२ वर सोडून दिलेलं असेल तर रीबूटनंतर कॉन्फिग कोरं दिसेल आणि तुम्ही बिचाऱ्या रॅमला शिव्या घालत बसाल.

आणखी एक सल्ला, जो कुणी ऐकत नाही: काही न बदलता एकदा राउटर पूर्ण बंद करून चालू करा. दोन वर्षं न थांबता चाललेला डबा कधीकधी नुसत्या पॉवर सायकलमध्येच मान टाकतो, पॉवर सप्लाय किंवा फ्लॅश आधीच मरायला टेकलेली असते. ते आधी कळलेलं बरं. मेमरी बदलताना कळलं तर दोष कशाचा हे शोधण्यात अख्खा डाउनटाइम जातो.

पाचवी पायरी: बसवणं

पॉवर केबल काढा, नुसता स्विच बंद करू नका. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही. मनगटाला ईएसडी (स्थिर वीज उतरवणारा) पट्टा लावून तो चॅसीच्या उघड्या धातूला जोडा. स्थिर विजेने मारलेलं मॉड्यूल बऱ्याचदा लगेच मरत नाही, ते महिनाभर लंगडत चालतं आणि हाच प्रकार सगळ्यात त्रासदायक.

झाकण उघडल्यावर आधी मोबाईलवर फोटो काढा. धूळ असेल तर मॉड्यूल काढायच्या आधी हवेने उडवा, नंतर उडवली तर ती थेट रिकाम्या स्लॉटमध्ये जाऊन बसते. दोन्ही बाजूचे खटके बाहेर ढकलून जुनं मॉड्यूल सरळ वर उचला. नवं मॉड्यूल कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, खटके आपोआप आत येऊन टक्क आवाज झाला पाहिजे. एसओडीआयएमएम असेल तर तिरकं घालून खाली दाबायचं. अर्धवट बसलेलं मॉड्यूल हे ‘थर्ड-पार्टी रॅम चालत नाही’ या तक्रारीमागचं अगदी नेहमीचं कारण आहे, खरंच.

सहावी पायरी: पहिला बूट

इथरनेट केबल अजून लावू नका. फक्त कन्सोल, ९६०० बॉड, आणि मग पॉवर. आयएसआरवर (वर आलेल्या २८००, २९०० सारख्या सिस्को राउटरांवर) बूट होताना मेन मेमरी किती आहे आणि ती ईसीसी एनेबल्ड आहे की नाही हे रॉममॉन, म्हणजे आयओएसच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, स्वतःच सांगतो. २९०० वर तर ऑन-बोर्ड किती आणि डीआयएमएम झिरोमध्ये (स्लॉटमध्ये) किती असं वेगळं-वेगळं लिहून येतं. आकडा अपेक्षेप्रमाणे असेल तर अर्धं काम झालं. बूट मध्येच अडकला तर ब्रेक मारून रॉममॉनमध्ये जा आणि ‘मेमइन्फो’ टाइप करा.

कन्सोलवर काहीच येत नाही? पॉवर काढा, मॉड्यूल काढून परत बसवा. तरीही शुकशुकाट असेल तर जुनं टाका. जुन्यावर चालतंय म्हणजे राउटर ठीक आहे, नवं मॉड्यूल विसंगत किंवा मेलेलं. जुन्यावरही चालत नसेल तर स्लॉटमध्ये टॉर्च मारून वाकलेली पिन शोधा. क्षमता निम्मी दिसत असेल तर वर सांगितलेला डेन्सिटीचा प्रकार, त्यावर उपाय नाही, बदलून घ्या.

सातवी पायरी: टेस्टिंग

बूट झालं म्हणजे मेमरी चांगली, हा सगळ्यात महागडा गैरसमज. रिकाम्या राउटरमध्ये नव्या मेमरीचा वरचा भाग कुणी वापरतच नाही, त्यातला खराब भाग तेव्हाच उघडा पडतो जेव्हा टेबल भरायला लागतं, म्हणजे नेमकं गर्दीच्या वेळी. म्हणून शक्य असेल तर लॅबमध्ये दुसऱ्या मशीनवरून बीजीपीने लाखभर खोटे रूट ढकला, काढा, परत ढकला. ‘व्हेरिफाय एमडी५’ ने इमेज परत परत तपासा, प्रत्येक वेळी तोच हॅश (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) आला पाहिजे. थंड असताना पाच-सहा वेळा पॉवर सायकल करा आणि दोन दिवस चालू ठेवून डबा चांगला गरम होऊ द्या, काही मॉड्यूल फक्त गरम झाल्यावरच रंग दाखवतात. एक्स८६ डबा असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा, काम सोपं होतं.

यानंतर ‘शो व्हर्जन’ मध्ये सिस्टिम रिटर्न्ड टू रॉम बाय या शब्दांपुढे काय आहे ते बघा. पॉवर-ऑन किंवा रीलोड असेल तर छान. पॅरिटी एरर (मेमरीतला बिट चुकल्याची खूण) असेल तर मॉड्यूल परत पाठवा, चर्चा नको. बस एरर असेल तर मेमरी किंवा सॉफ्टवेअर दोन्ही असू शकतं, जुनं मॉड्यूल टाकून तीच टेस्ट परत करा. काही प्लॅटफॉर्मवर ‘शो मेमरी ईसीसी’ आहे, तिथे दुरुस्त केलेल्या सिंगल बिट चुका मोजून मिळतात. एखादी चूक ठीक, पण रोज वाढत असतील तर ते मॉड्यूल आजारी आहे.

फ्लॅश कार्डाबद्दल थोडं

रॅम वाढवली की मोठी इमेज टाकायची इच्छा होते आणि मग कॉम्पॅक्टफ्लॅश कमी पडतं. इथेही बाहेरचं कार्ड चालतं, पण कॉम्प्युटरवर फॉरमॅट करून आणू नका, राउटरमध्येच ‘फॉरमॅट फ्लॅश’ करा. राउटर फॉरमॅट करताना मॉनलिब नावाचा छोटा कोड कार्डावर लिहितो आणि रॉममॉनला फाइल वाचायला तो लागतो. तो नसेल तर आयओएस चालू असताना कार्ड दिसतं पण रीबूट केल्यावर राउटर रॉममॉनवरच बसून राहतो. जुनं कार्ड इमेजसकट जपून ठेवा.

आरएमएची वेळ आली तर

आरएमए म्हणजे बिघडलेला डबा कंपनीला परत देऊन बदलून घेणं. वॉरंटीत बदलून येणारा डबा साधारण कमीत कमी मेमरीसह येतो. म्हणजे तुमची बाहेरून घेतलेली रॅम जुन्या डब्यातून काढून नव्यात घालायची आणि जुन्यात त्याचं मूळ मॉड्यूल परत बसवून पाठवायचं, त्यासाठीच ती पिशवी जपायला सांगितली होती. बाहेरच्या मेमरीसकट डबा गेला तर ती परत मिळेल असं धरून चालू नका. आणि आरएमएचा डबा लावणारा माणूस दुसरा असू शकतो, त्यामुळे राउटरच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवा: कुठल्या स्लॉटमध्ये कुठलं मॉड्यूल, कुणाकडून घेतलं, वॉरंटीचा नंबर काय आणि मूळ मॉड्यूल कुठे ठेवलंय.